डोंगरातल्या गरम पाण्यात उतरण्याआधी

गरम पाण्याच्या झऱ्यांचं एखादं डोंगरी गाव नकाशावर शोधायचं असेल, तर शिखरं सोडा आणि दरीचा तळ धुंडाळा. हिमाचलातलं मणिकर्ण पार्वती नदीच्या अगदी काठावर आहे. स्वित्झर्लंडमधलं लॉयकरबाद चहूबाजूंच्या उंच कड्यांच्या मध्ये, खळग्यात बसल्यासारखं दिसतं. ऑस्ट्रियातलं बाड गास्टाइन एका धबधब्याच्या दोन्ही अंगांनी उतरत गेलेलं आहे. ही गावं नेमकी तिथेच का वसली, हे कळलं की कुंडातल्या पाण्याचं अर्धं कोडं सुटतं.

उरलेलं अर्धं कोडं आपल्या शरीराचं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. झऱ्यापाशी लावलेल्या पाटीवर खनिजांची लांबलचक यादी असते. आपण ती भाविकपणे वाचतो आणि पाण्यात उतरतो. पण त्या पाण्यात बसून जे बरं वाटतं, त्याचं बरंचसं श्रेय यादीतल्या एकाही नावाला जात नाही. ते जातं पाण्याच्या उष्णतेला आणि त्याच्या वजनाला. त्रास झाला तर तोही बहुतेक वेळा या दोघांमुळेच होतो.

गच्चीवरची टाकी

गरम झरा म्हटलं की खाली ज्वालामुखी असणार, असं गृहीत धरलं जातं. काही ठिकाणी ते खरंही आहे. जपानमधलं कुसात्सु हे गाव एका जागृत ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर आहे, आणि अमेरिकेतल्या यलोस्टोनखाली तर शिलारसाचा प्रचंड साठा आहे. पण कॅनडातल्या बॅन्फखाली ज्वालामुखी नाही. अमेरिकेच्या आर्कन्सा राज्यात 'हॉट स्प्रिंग्ज' नावाचंच एक गाव आहे, तिथेही नाही. मणिकर्णच्या आसपासही नाही. तरी पाणी चटका बसेल इतकं गरम.

दुसरा समज असा, की हे पाणी पृथ्वीच्या पोटातच तयार होतं. तो बऱ्याच अंशी निकालात निघाला १९६०च्या दशकात. हार्मन क्रेग नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६१ साली जगभरातल्या पावसाच्या आणि नद्यांच्या पाण्याचा अभ्यास मांडला. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. थोडे किंचित जड असतात, कारण त्यांतला हायड्रोजन किंवा ऑक्सिजनच जड प्रकारचा असतो. ढग समुद्रापासून जितके दूर जातात, जितके उंच चढतात, तितके जड रेणू आधी गळून पडतात आणि पुढच्या पावसात हलक्यांचं प्रमाण वाढतं. म्हणजे पाणी कुठे पडलं याचा ठसा पाण्यातच असतो. क्रेगनं गरम झऱ्यांचं पाणी याच कसोटीवर तपासलं, तेव्हा त्यातल्या जड हायड्रोजनचं प्रमाण त्या त्या परिसरातल्या पावसाशी जुळलं. थोडक्यात, कुंडातलं पाणी म्हणजे जुना पाऊस.

त्या पावसाचा प्रवास असा होतो. पाऊस आणि बर्फ पडतो उंच डोंगरावर. काही पाणी ओढ्यानाल्यांतून वाहून जातं, काही खडकांच्या भेगांमधून खाली झिरपतं. जमिनीत जसजसं खोल जावं तसं तापमान वाढतं. साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. दोन-तीन किलोमीटर खाली गेलेलं पाणी कुठल्याही ज्वालामुखीशिवाय सहज साठ-सत्तर अंशांनी तापतं.

मग ते वर कसं येतं? आणि येताना थंड का होत नाही?

वर येण्याचं कारण आपल्या घरातच आहे. पाण्याची टाकी गच्चीवर असते म्हणून तळमजल्याच्या नळाला जोर असतो. डोंगर ही गच्चीवरची टाकी. वर साठलेल्या पाण्याचं वजन खालच्या पाण्याला ढकलतं, आणि ते पाणी जिथे वाट सापडेल आणि जमीन सगळ्यात खाली असेल तिथून बाहेर पडतं. अशी जागा म्हणजे दरीचा तळ. शिवाय तापलेलं पाणी थंड पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते आपणहूनही वर सरकायला बघतं. वाट मिळते ती प्रस्तरभंगातून, म्हणजे जमिनीचे दोन मोठे तुकडे एकमेकांवरून सरकून पडलेल्या खोल चिरेतून. पर्वत घडताना खडकांची इतकी मोडतोड होते की अशा चिरांना तिथे तोटा नसतो.

थंड न होण्याचं कारण वेगात आहे. पाणी खाली जातं ते डोंगराच्या सगळ्या अंगानं, थेंब थेंब, शेकडो-हजारो वर्षं घेत. वर येतं ते एका अरुंद चिरेतून, एकवटून, तुलनेनं झपाट्यानं. शेतभर झिरपणारं पाणी आणि पाटातून धावणारं पाणी यांत जो फरक, तोच इथे. आर्कन्सामधल्या त्या गावाचं पाणी सुमारे ६२ अंशांना बाहेर येतं, आणि त्यातल्या कर्बावरून काढलेलं त्याचं वय सुमारे ४,४०० वर्षं आहे. तो पाऊस पडला तेव्हा गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहून फार काळ लोटला नव्हता. सगळीकडेच पाणी इतकं म्हातारं असतं असं मात्र नाही. लॉयकरबादला ५१ अंशांचं पाणी मिळतं, आणि ते डोंगरात शिरल्यापासून बाहेर यायला चाळीसेक वर्षंच घेतं असं मानतात.

हिमालयाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे दोन भूखंडांची टक्कर चालू आहे, डोंगर वर उचलले जाताहेत आणि नद्या त्यांना तितक्याच जोमानं खरवडून काढताहेत. त्यामुळे खोलवरचा तापलेला खडक निवायच्या आत पृष्ठभागाजवळ येतो. त्यातल्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं असतात, त्यांच्या ऱ्हासाची ऊबही त्यात भर घालते. म्हणून मणिकर्णचं पाणी जवळजवळ उकळतंच बाहेर येतं.

उकळण्यावरून एक गोष्ट. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं. ढोबळ हिशेब दर ३०० मीटरला एक अंश. मणिकर्णच्या सुमारे १,७०० मीटर उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात, ४,४०० मीटरवर, झऱ्याचं पाणी ८४ अंशांचं असतं, आणि तिथे तोच जवळपास उकळबिंदू. तेव्हा 'ऐंशीच तर अंश आहे' असं म्हणून कोणी बोट बुडवू नये. ऐंशी अंशांना कातडी सोलून निघायला एक सेकंदही पुरतो.

वास, रंग आणि काळी पडलेली अंगठी

गरम पाणी थंड पाण्यापेक्षा जास्त खडक विरघळवतं. म्हणून प्रत्येक झऱ्याचा स्वभाव निराळा. ज्या खडकातून आला त्याचा गुण लागलेला.

सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू. आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तीक्ष्ण आहे की अगदी नगण्य प्रमाणही जाणवतं. चांदीला तो लागलीच काळं करतो. माझी एक अंगठी अशा कुंडात दहा मिनिटांत शाईसारखी झाली होती आणि मी उगाच सोनाराला नावं ठेवली. चांदीची पैंजणं, अंगठ्या, साखळ्या उतरवूनच जावं.

पाणी बाहेर येताना स्वच्छ आणि थोड्या वेळानं तांबूस दिसत असेल तर त्यात लोह आहे. हवा लागली की ते गंजतं. कुंडाच्या कडेला पांढरे, पायऱ्यांसारखे थर साचले असतील तर तो चुना. जमिनीखालच्या दाबात पाण्यात कर्बवायू मावलेला असतो. वर आल्यावर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडावं तसा तो निसटतो, आणि मग चुन्याला विरघळून राहता येत नाही. तुर्कस्तानातलं पामुक्कले असंच घडलंय. हाच चुना गावातल्या पाण्याच्या नळ्याही आतून बुजवतो.

कुसात्सुचं पाणी आंबट आहे, जवळपास लिंबाच्या रसाइतकं. मिनिटाला ३२,००० लिटरहून जास्त पाणी तिथे आपोआप वर येतं. ते अंग सोसेल त्याहून गरम असतं, पण त्यात थंड पाणी ओतलं तर त्याचा कस उतरतो. म्हणून लांब फळ्यांनी ढवळून ते निववण्याची रीत पडली. या आम्लानं खालची नदीही मासे जगू नयेत इतकी आंबट व्हायची. १९६४पासून तिच्यात चुना सोडून तिला शांत करतात. आपण ज्याला औषधी म्हणतो ते पाणी नदीला मात्र असह्य होतं, हे लक्षात राहण्यासारखं आहे.

'गरम झरा' कशाला म्हणायचं यालाही व्याख्या लागतात. जपानच्या १९४८च्या कायद्यानुसार पाणी उगमापाशी २५ अंश किंवा त्याहून गरम असलं, किंवा त्यात ठरावीक खनिजांपैकी एखादं पुरेसं असलं, की ते 'ओन्सेन'. म्हणजे गार पाणीही कायद्यानं ओन्सेन ठरू शकतं. आणि जगभर 'स्पा' हा शब्द ज्या बेल्जियममधल्या स्पा गावावरून गेला, तिथले प्रसिद्ध झरे तर थंडगारच आहेत.

गळ्यापर्यंत पाण्यात

आता शरीराकडे वळू.

आपण कुंडात गळ्यापर्यंत बसतो तेव्हा पाणी सगळ्या बाजूंनी अंगाला दाबतं. हा दाब वर कमी आणि खाली जास्त असतो. पायांतल्या शिरा त्यामुळे पिळल्यासारख्या होतात आणि तिथलं रक्त वर ढकललं जातं. सुमारे ७०० मिलिलिटर रक्त पायांतून आणि पोटातून छातीकडे सरकतं. हृदयाचे कप्पे ताणले जातात. हृदयाला पाण्याबिण्याचं काही कळत नाही. त्याला वाटतं, शरीरात द्रव फार झालाय. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडांना सांगावा जातो: पाणी काढून टाका. पाण्यात बसल्यावर थोड्या वेळानं लघवीला लागते ती यामुळे. हे थंड पाण्यातही होतं, गरम पाण्यात त्यात घामाची भर पडते. म्हणजे गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला माणूस प्रत्यक्षात कोरडा पडत असतो.

हे दाबाचं काम. उष्णतेचं काम त्याच वेळी चालू असतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, अंग लाल होतं, रक्तदाब उतरतो आणि तो सावरायला नाडी वाढते. स्नायूंचा ताठरपणा जातो, सांध्यांची दुखी शेक दिल्यासारखी हलकी होते. शिवाय पाण्यात तरंगल्यामुळे गुडघ्यांवरचा भार जवळजवळ संपतो. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला कुंडात शिरताच 'आहा' वाटतं त्यात गंधकाचा हात शोधण्याची गरज नाही.

उन्हाळ्यातली ४२ अंशांची हवा आपण कुरकुरत सोसतो, पण ४२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटांतच जीव घाबरा होतो. असं का? एक तर पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता पोहोचवतं. दुसरं म्हणजे, आपलं अंग थंड ठेवणारा घाम पाण्याखाली वाळूच शकत नाही. घाम येतो, पण कामाला येत नाही. शरीराचं तापमान चढत राहतं. म्हणून ४० अंश ही साधारण वरची मर्यादा धरावी आणि तेवढ्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटांवर बसू नये. ३७-३८ अंशांत जास्त वेळ चालतो. बाहेर बर्फ पडत असेल, डोकं थंड असेल, तेव्हा आपण किती तापलो आहोत याचा अंदाज हमखास चुकतो. डोंगरी कुंडांची ही खास फसवणूक.

खरा धोका मात्र बाहेर पडतानाचा. आपण झटकन उभे राहतो. पाण्याचा दाब एका क्षणात जातो, छातीत जमलेलं रक्त पायांकडे धावतं, रक्तवाहिन्या अजून सताड उघड्याच असतात आणि शरीरातलं पाणीही कमी झालेलं असतं. मेंदूला रक्त कमी पडतं आणि घेरी येते. खाली ओली, शेवाळलेली फरशी असते. उपाय अगदी साधा आहे. आधी काठावर बसायचं, पाय पाण्यातच ठेवायचे, एक-दोन मिनिटं जाऊ द्यायची, मग कठडा धरून उठायचं. आत जाण्यापूर्वी आणि आल्यावर पाणी प्यायचं. मद्य घेऊन उतरायचं नाही, कारण तेही रक्तवाहिन्या सैल करतं आणि 'आता पुरे' हा शरीराचा इशारा ऐकू येऊ देत नाही.

गाव बरंच उंचावर असेल तर आणखी एक हिशेब. २,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीनचतुर्थांशच असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी, म्हणून हृदय आधीच जोरात चालत असतं. पोहोचल्या दिवशी लांबलचक डुंबणं टाळावं. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर 'गरम पाण्यानं बरं वाटेल' म्हणून कुंडात जाऊ नये. तो उंचीचा त्रास असू शकतो.

गरोदर बायकांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कडक पाण्यात बसू नये. आईच्या शरीराचं तापमान फार चढलं तर गर्भाच्या मेंदू-मणक्याच्या वाढीत दोष राहण्याची शक्यता वाढते. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे ते पायानं नाही, कोपरानं पाहावं. लहान मुलं मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतात, आणि खेळण्याच्या नादात सांगत नाहीत.

झोपेचं मात्र जे सांगतात ते खरं आहे. २०१९ साली ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. झोपायच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यानं आंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यात दिसलं. कारण मजेदार आहे. झोप यायला शरीराचा गाभा थंड व्हावा लागतो. गरम पाणी रक्त कातडीकडे आणतं, आणि बाहेर आल्यावर तिथून उष्णता भराभर निघून जाते. गरम पाण्यात बसायचं ते शेवटी थंड होण्यासाठी.

मग खनिजांचं काय?

कातडी ही भिंत आहे. पाण्यात बसून बोटं सुरकुततात तेव्हा आपल्याला वाटतं पाणी आत मुरलं, पण ती सुरकुती मज्जातंतू घडवून आणतात; बोटाची नस कापली गेलेल्या माणसाचं ते बोट सुरकुतत नाही. वीस मिनिटांत मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम कातडीतून आत जाऊन हाडं बळकट करेल, ही अपेक्षा फारच भाबडी आहे.

तरी सगळंच खोटं म्हणून झटकून टाकता येत नाही. कर्बवायू कातडीतून आत जाऊ शकतो आणि खालच्या रक्तवाहिन्या रुंदावतो. बुडबुड्यांच्या पाण्यात अंग चटकन लाल होतं ते त्यामुळे. गंधक खरूज आणि मुरमांवर पूर्वापार वापरात आहे आणि त्वचेच्या मलमांत आजही असतो. कुसात्सुसारखं आम्ल पाणी कातडीवरचे काही जिवाणू मारतं. म्हणजे त्वचेच्या तक्रारींबाबत खनिजांचा दावा थोडा ऐकून घेण्यासारखा आहे. सांधेदुखीवरच्या खनिजस्नानाच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २००७ साली आढावा घेतला. काही रुग्णांना बरं वाटल्याचं दिसलं, पण चाचण्या लहान आणि ढिसाळ होत्या, त्यामुळे ठाम काही म्हणता आलं नाही. 'मधुमेह, मूतखडा, वंध्यत्व, सर्व रोगांवर' असं लिहिलेल्या पाटीवर मी तर काडीचा विश्वास ठेवत नाही.

बाड गास्टाइनचा किस्सा यात वेगळाच. तिथल्या झऱ्यांमध्ये रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे, हे हाइनरिश माखे या भौतिकशास्त्रज्ञानं १९०४ साली मोजून दाखवलं. पुढे १९४०च्या दशकात सोन्यासाठी खणलेल्या एका बोगद्यात सोनं नाही पण गरम, दमट, रेडॉनभरली हवा मिळाली. आज लोक रेल्वेतून त्या बोगद्यात जातात आणि पाठ-कण्याच्या संधिवातावरचा उपचार म्हणून आत पडून राहतात. काहींना बरं वाटतं, हे खरं. पण रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हेही जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. मी जाणार नाही.

एक गोष्ट बहुधा हिशेबातून सुटते. युरोपात एकोणिसाव्या शतकात झऱ्याच्या गावी लोक आठवडेच्या आठवडे मुक्कामाला जात. लवकर उठणं, रोज डोंगरात चालणं, बेतानं खाणं, रात्री वेळेवर झोपणं. अशा ११ गावांना युनेस्कोनं २०२१ साली जागतिक वारसा यादीत घेतलं, आणि त्या वारशात कुंडांइतक्याच बागा, सज्जे आणि चालण्याच्या वाटा आहेत. इतके दिवस कामावाचून, मोकळ्या हवेत काढल्यावर कुठल्याही पाण्याची कीर्ती वाढेल.

नाकाला जपा, बर्फालाही जपा

सडक्या अंड्याचा वास येणं बंद झालं, तर सुटकेचा श्वास टाकू नका. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खळग्यांत साचतो. डोंगरात बर्फ असेल तर तो आणखी घातक. जमिनीच्या उबेनं बर्फ खालून वितळतो, पोकळी तयार होते आणि वायू तिथे कोंडून राहतो. डिसेंबर २००५मध्ये जपानच्या आकिता प्रांतात एका झऱ्याजवळ अशा बर्फाच्या खळग्यात एकाच कुटुंबातल्या चौघांचा जीव गेला. झऱ्याभोवतीच्या दोऱ्या आणि फलक ओलांडू नयेत. बंद खोलीतल्या कुंडाची खिडकी थंडी वाजते म्हणून लावून घेऊ नये.

मोकळ्या, प्रक्रिया न केलेल्या कोमट पाण्यात डोकं बुडवू नये. अशा पाण्यात क्वचित एक अमीबा असतो, तो ४६ अंशांपर्यंत तग धरतो. पाणी गिळलं तर तो काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर थेट मेंदू गाठतो. इंग्लंडमधल्या बाथ गावात रोमन काळापासून लोक आंघोळ करत आले. १९७८ साली तिथल्या झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी या संसर्गानं गेली, आणि जुनं रोमन स्नानगृह आंघोळीसाठी बंद झालं. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, घाबरून परत फिरायचं कारण नाही. नाक पाण्यावर ठेवलं की पुरे.

आणि उगमाच्या जागी पाय टाकू नये. भोवतालची जमीन घट्ट दिसते, पण ती कधीकधी खनिजांची पातळ साय असते आणि खाली उकळतं पाणी. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं.

झरा आटतो तेव्हा

चेक प्रजासत्ताकातल्या तेप्लित्से गावाच्या नावातच ऊब आहे. गावाचं सगळं वैभव डोंगरपायथ्याच्या गरम झऱ्यावर उभं. १ नोव्हेंबर १७५५ रोजी दूर पोर्तुगालमध्ये लिस्बन भूकंपानं उद्ध्वस्त झालं, त्याच दिवशी तेप्लित्सेचा झरा गढूळला, थांबला आणि मग लालसर पाण्यासह उसळून बाहेर आला. भूकंपाच्या लाटांनी खोल चिरा हलवल्या होत्या. त्यातून झरा सावरला. १८७९ साली मात्र जवळच्या कोळशाच्या खाणीत खोदकाम करताना पाण्याची वाट फुटली. पाणी खाणीत शिरलं आणि काही दिवसांत गावातला मुख्य झरा कोरडा पडला. लोकांना पाण्याच्या मागे मागे जमीन खणत खाली जावं लागलं, आणि शेवटी ते उपसून काढावं लागलं.

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआची गोष्ट उलट दिशेनं गेली. घरं गरम ठेवण्यासाठी जागोजागी विंधन विहिरी झाल्या आणि जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे नैसर्गिक फवारे मंदावले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारनं सर्वांत मोठ्या फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतल्या विहिरी बंद करायला लावल्या. पुढच्या वर्षांत फवारे पुन्हा जोर धरू लागले. टाकी गच्चीवर असली तरी नळ किती सोडायचे याला मर्यादा आहे.

कुंडाच्या कडेचे हिरवे, केशरी, पिवळे पट्टे बहुधा जिवंत असतात. उष्णतेत रमणाऱ्या जिवाणूंचे थर. यलोस्टोनच्या अशाच एका झऱ्यातून टॉमस ब्रॉक यांनी १९६६ साली नमुने घेतले. त्यातून 'थर्मस अक्वाटिकस' हा जिवाणू मिळाला. उकळत्याच्या जवळ जाणाऱ्या तापमानातही त्याचं एक विकर (एन्झाइम) शाबूत राहतं, आणि डीएनएच्या प्रती काढण्याचं पीसीआर तंत्र त्याच विकरावर उभं राहिलं. कोविडच्या साथीत नाकात कांडी घालून केलेल्या चाचण्यांची मुळं अशी एका गरम झऱ्यापर्यंत पोहोचतात.

म्हणून कुंडात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करायची, तेल, उटणं, ऊन टाळणारं मलम धुऊन टाकायचं. हे इतर माणसांसाठी तर आहेच, पाण्यातल्या रहिवाशांसाठीही आहे. बॅन्फमध्ये १८८३ साली रेल्वेच्या तीन मजुरांना डोंगराच्या कुशीत गरम पाण्याची गुहा सापडली, आणि तिच्या मालकीच्या भांडणातूनच दोन वर्षांनी कॅनडाच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाची सुरुवात झाली. त्या मूळ झऱ्यात आज कोणालाही उतरू देत नाहीत, हातसुद्धा बुडवू देत नाहीत. तिथे मक्याच्या दाण्याएवढी एक गोगलगाय राहते, जी बॅन्फच्या गरम झऱ्यांखेरीज जगात कुठेही सापडत नाही. कठड्याशी वाकून, वाफ थोडी विरली की, पाण्यावरच्या शेवाळात ती दिसते.